मुरगळलेला घोटा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळं संगणकासमोर बसायला बंदी होती. आता डोळा ठीक आहे. आज जे लिहायला बसलोय त्याचं निमित्त आहे आमच्या नातीचा घोटा.

नात नववीत आहे. उंचीला आईवर गेलेली, शाळेच्या बास्केटबॉलच्या संघात खेळते. सराव चालू असताना तिनं बास्केटखाली उडी मारली आणि खाली येताना पाऊल दुसऱ्या मुलीच्या बुटावर पडलं. पाय आत वळला. घरी आणली तेव्हा बाहेरच्या घोट्यावर लिंबाएवढी सूज होती.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते तुमच्याही घरात होत असणार. सौ.नं आंबेहळद आणि तुरटी उगाळायला घेतली. चिरंजीवांनी फ्रीजमधून बर्फ काढला. सूनबाई म्हणाली, आधी एक्स-रे. तेवढ्यात ठाण्याच्या वहिनींचा फोन आला, त्या म्हणाल्या, "भावजी, कुणी पायाळू माणूस आहे का बघा ओळखीत." मी म्हटलं, "अहो वहिनी, पायाळू माणूस पाठीत उसण भरली तर पाय लावतो, घोट्याला नव्हे!" (वहिनी, वाचत असाल तर रागावू नका.)

डॉक्टरांनी तपासलं. हाड मोडलं नव्हतं, लिगामेंट थोडं फाटलं होतं. पट्टा दिला, व्यायाम सांगितले. पण दहा दिवसांवर आंतरशालेय स्पर्धेचा उपांत्य सामना होता. तिच्या प्रशिक्षकांचा फोन आला, "टेप बांधून दहा मिनिटं तरी खेळू दे." घरात दोन तट पडले. शेवटी नात माझ्याकडे आली. "आबा, तुम्ही इतकी वर्षं शाळेचे संघ नेलेत. तुम्हीच सांगा, खेळू का मी?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. का, ते पुढं येईलच. पण त्या रात्री झोप येईना म्हणून वाचायला बसलो, आणि इतिहासाच्या मास्तराची खोड अशी, की कुठलीही गोष्ट मुळापासून शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

मूळ फारच मागं निघालं. आपल्या सुश्रुतानं शरीरातली १०७ मर्मं सांगितली आहेत, त्यात घोटा आहे. 'गुल्फ' हे त्याचं नाव. पाऊल आणि पोटरी जिथं जुळतात ती जागा. तिथं इजा झाली तर माणूस लगेच मरत नाही, पण वेदना राहते, पाऊल ताठ होतं किंवा माणूस लंगडा होतो, असं तो म्हणतो. आणखी एका ठिकाणी 'वातकंटक' नावाचं दुखणं दिलं आहे. त्याचं कारण काय, तर पाऊल वेडंवाकडं पडणं! हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. दोन हजार वर्षांत पाऊल वेडंवाकडं पडायचं काही थांबलेलं नाही.

ते का पडतं तेही समजून घेतलं. आपल्या पायाला दोन घोटे, आतला आणि बाहेरचा. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला असतो, त्यामुळं पाऊल बाहेर वळायला अडतं, पण आत सहज वळतं. घोट्याच्या खोबणीत जे हाड बसतं ते पुढं रुंद आणि मागं अरुंद असतं. पाऊल सपाट टेकलेलं असेल तेव्हा रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. चवड्यावर उभे राहिलो की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. उडीवरून खाली येताना नेमकं काय होतं? चवडा आधी टेकतो. म्हणजे सांधा सर्वांत सैल असताना अंगाचा सगळा भार त्याच्यावर येतो, आणि खाली दुसऱ्याचा बूट असला की संपलंच. पहिला ताण येतो तो बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या लिगामेंटवर. नातीचं तेच फाटलं होतं.

आता बास्केटबॉलची गंमत बघा. हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत शोधला. थंडीत पोरांना बाहेर काढता येत नव्हतं आणि व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर फुटबॉलसारखा धसमुसळा खेळ झाला तर हातपाय मोडणार. म्हणून त्यानं विचार केला, की चेंडू घेऊन पळणाऱ्याला लोक पाडतात, तेव्हा चेंडू घेऊन पळायचंच नाही. आणि गोल जमिनीवर असला की जोरात चेंडू मारतात, तेव्हा तो डोक्याच्या वर टांगायचा. पीचच्या टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले, अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ केले. म्हणजे दुखापत टाळायला निघालेला हा खेळ. पण गोल वर गेल्यामुळं सगळे उड्या मारू लागले, आणि उडी मारलेला प्रत्येक जण खाली येतोच. मास्तर लोकांच्या योजनांचं असं होतं. अनुभवाचे बोल आहेत.

मग घोटा सांभाळायला उंच बूट आले. १९१७ साली कॉन्व्हर्स कंपनीनं घोट्यापर्यंत येणारा कॅनव्हासचा बूट काढला आणि पुढं कित्येक पिढ्या तोच घालून खेळल्या. उंच बुटानं घोटा वाचतो हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. १९९३ मध्ये अमेरिकेत एका महाविद्यालयातल्या ६२२ खेळाडूंना उंच आणि बुटके बूट वाटून पाहिलं, तर मुरगळण्यात काही फरकच दिसला नाही! याउलट २०११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या शाळांच्या १४६० खेळाडूंवर दोरीनं आवळायच्या पट्ट्याची परीक्षा झाली. पट्टा न बांधणाऱ्यांच्या मानानं बांधणाऱ्यांच्या घोट्याच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशच झाल्या. मी चिरंजीवांना म्हटलं, पोरीला महागाचा बूट घ्यायच्या आधी पट्टा चांगला घे.

वैद्यांचा इतिहासही मजेशीर आहे. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट १७५६ मध्ये ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांनी लोकांना स्वतःला उचलू दिलं नाही. थंडीत तसेच रस्त्यावर पडून राहिले, एक दरवाजा विकत आणवला, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर झोपून घरी गेले. पाय कापायची तयारी झाली होती, पण त्यांच्या गुरूंनी येऊन तो वाचवला. पुढं त्यांनी हाडं मोडण्यावर पुस्तक लिहिलं आणि घोट्याच्या एका प्रकारच्या मोडीला त्यांचं नाव पडलं. त्यांचा स्वतःचा पाय बहुधा घोट्यात नव्हे, वर नडगीत मोडला होता, हा भाग वेगळा.

दुसरे लिव्हरपूलचे रॉबर्ट जोन्स. हे नाचताना टाच उचललेली असताना पायाच्या बाहेरच्या कडेवर पडले. करंगळीच्या मागच्या लांब हाडाशी दुखायला लागलं. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. त्यांनी स्वतःच्या पायाचा फोटो काढवला तर हाड मोडलेलं! १९०२ मध्ये त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. त्या मोडीला अजून 'जोन्स फ्रॅक्चर' म्हणतात आणि बास्केटबॉलवाल्यांमध्ये ती नेहमीची आहे. २०१४ मध्ये केव्हिन ड्युरांट या मोठ्या खेळाडूला तीच झाली होती.

आता बर्फाची गोष्ट, कारण आमच्या घरात त्यावरून महाभारत झालं. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं हा मंत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात दिला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'राईस' म्हणतात. जगभर तो पाठ झाला. २०१४ मध्ये याच मर्किन साहेबांनी लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. स्वतःच शिकवलेली गोष्ट छत्तीस वर्षांनी स्वतः पुसायची, याला धैर्य लागतं. बर्फानं दुखणं तात्पुरतं बधिर होतं, एवढं सगळे मान्य करतात. २०१९ मध्ये कॅनडातल्या दोन फिजिओथेरपिस्टांनी नवा मंत्र दिला: पहिले काही दिवस पाय जपा, उंच ठेवा, दाबपट्टी बांधा, आणि मग दुखणं सोसेल तसा हळूहळू भार द्या, हालचाल करा, व्यायाम करा. बर्फाचं त्यात नावच नाही. सौ.नं हे ऐकून चिरंजीवांकडे जे बघितलं ते लिहिण्यासारखं नाही. (आंबेहळदीचंही नाव नाही, हे मी सांगितलं नाही.)

एक्स-रे कधी काढायचा यालाही नियम आहे. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी तो बसवला. घोट्यांच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा पावलाच्या ठराविक दोन हाडांवर दाबल्यावर दुखतंय का, आणि दुखापतीनंतर लगेच व दवाखान्यात आल्यावर चार पावलं टाकता येतात का, हे बघायचं. दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील तर सहसा एक्स-रे लागत नाही. दाबून बघायचं काम अर्थातच डॉक्टरांचं. पण चार पावलं कुणालाही मोजता येतात.

इथपर्यंत मी मजेत वाचत होतो. या चार पावलांपाशी थांबलो.

१९८६ ची गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून खो-खोचा संघ माझ्याकडे आला. मला त्यातलं शिट्टीपलीकडे फार कळत नव्हतं. पण आमच्याकडे दहावीतला एक मुलगा होता. काटक, काळासावळा, चार किलोमीटरवरच्या वाडीतून रोज चालत यायचा. साखळी पळायला लागला की पाठलाग करणाऱ्याला घाम फुटायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेत सकाळी उपांत्य सामन्यात खांबापाशी वळताना त्याचा घोटा मुरगळला. मुलं त्याला धरून झाडाखाली घेऊन आली. कुणीतरी गावातल्या पाय उतरवणाऱ्याला बोलावलं. त्यानं तेल लावून चोळलं, झटका देऊन ओढलं, फडकं बांधलं आणि म्हणाला, "झालं, पळतंय आता."

दुपारी अंतिम सामना होता. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "पळशील ना रे?"

तो म्हणाला, "हो सर."

मंडळी, त्या वेळी पोर सरांना "नाही" म्हणत नसे, हे मला माहीत होतं. ते माहीत असूनच मी विचारलं होतं. तो उठून उभा राहिला तेव्हा त्याचं पाऊल नीट टेकत नव्हतं, हेही मी पाहिलं होतं. चार पावलं सोडा, दुसऱ्या पावलालाच त्यानं मित्राचा खांदा धरला.

तो पळला. आम्ही जिंकलो. शील्ड मुख्याध्यापकांच्या कपाटावर लागली, माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. त्यानंतर तीन आठवडे तो शाळेत आला नाही. आला तेव्हा लंगडत होता. पुढं दोन-तीनदा नुसतं बांधावरून चालतानाही त्याचा तोच पाय मुरगळला. नंतर तो पोलीस भरतीला गेला. उंची बसली, छाती बसली, पण धावताना घोटा वळला आणि तो बाहेर पडला. ही गोष्ट मला खूप नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळली.

त्या रात्री वाचताना मला कळलं, की हे सगळं कोणीतरी केव्हाच लिहून ठेवलं होतं. मायकेल फ्रीमन या इंग्लंडच्या डॉक्टरांनी १९६५ मध्येच मांडलं होतं, की घोटा मुरगळल्यावर नुसतं लिगामेंट फाटत नाही, तर पाऊल कुठं आणि कसं आहे हे मेंदूला कळवणारे मज्जातंतूही दुखावतात. सूज उतरते, दुखायचं थांबतं, पण पायाला स्वतःची जागा कळत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा वळतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी डुगडुगणाऱ्या फळीवर एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम दिले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात बास्केटबॉल खेळणाऱ्यांची पाहणी झाली. त्यात आढळलं, की ज्याचा घोटा आधी दुखावला आहे त्याचा पुन्हा दुखावण्याचा धोका जवळजवळ पाचपट असतो. म्हणजे माझ्या त्या मुलाला फळी नाही तर नुसतं रोज एका पायावर उभं राहायला कुणी सांगितलं असतं, तरी कदाचित वेगळं झालं असतं. १९६५ चं ज्ञान १९८६ मध्ये आमच्या तालुक्याला पोचलं नव्हतं. पण मुलाला बसवून ठेवायला कुठलं ज्ञान लागत होतं?

मोठ्यांच्या जगातही हे झालं आहे, ते वाचून बरं वाटलं नाही, फक्त एकटं वाटायचं थांबलं. बिल वॉल्टन हा अमेरिकेतला अत्यंत गुणी खेळाडू. १९७७ मध्ये त्यानं पोर्टलंडला विजेतेपद मिळवून दिलं. १९७८ मध्ये पाय दुखत असताना वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो महत्त्वाच्या सामन्यात उतरला. नंतर कळलं, की डाव्या पावलातलं हाड मोडलं आहे. पुढच्या चार मोसमांत मिळून तो चौदाच सामने खेळू शकला. २०२४ मध्ये तो वारला, पण तोवर त्याच्या अंगावर तीसहून जास्त ऑपरेशनं झाली होती. ग्रँट हिल म्हणून दुसरा. २००० मध्ये घोटा मोडला, पुढच्या तीन मोसमांत मिळून तो ४७ सामने खेळला. २००३ मध्ये डॉक्टरांनी घोटा पुन्हा मोडून टाच सरळ केली, त्यात जंतुसंसर्ग होऊन जिवावर बेतलं. तरी हा माणूस २०१३ पर्यंत, वयाच्या चाळिशीपर्यंत खेळला. आणि स्टीफन करी, ज्याचं चित्र नातीच्या कपाटावर आहे, त्याच्या घोट्याची २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन ऑपरेशनं झाली होती. त्यानं कंबरेचे आणि नितंबाचे स्नायू बळकट केले, म्हणजे वळताना सगळा भार घोट्यावर येऊ नये. २०१५ मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आपल्याकडचं लांब कशाला, पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर १९ ऑक्टोबर २०२३ ला विश्वचषकाचा बांगलादेशाविरुद्धचा सामना आम्ही घरी बसून बघत होतो. हार्दिक पंड्यानं आपल्या पहिल्याच षटकात चेंडू पायानं अडवायला गेला आणि घोटा मुरगळून घेतला. तीन चेंडू टाकून बाहेर गेला, ते पुन्हा त्या स्पर्धेत आलाच नाही. पुढच्या सामन्यापासून मोहम्मद शमी संघात आला आणि सात सामन्यांत २४ बळी घेऊन सर्वांच्या पुढं गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर बाहेर आलं, की तो घोट्याचं दुखणं घेऊनच खेळत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं टाचेच्या शिरेचं ऑपरेशन झालं आणि भारताकडून पुन्हा खेळायला जानेवारी २०२५ उजाडला. पण शमी जाणता माणूस होता, त्याचा निर्णय त्याचा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा निर्णय कुणाचा, हा प्रश्न आहे.

सकाळी मी नातीला १९८६ ची गोष्ट सांगितली. शील्डसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालात का?"

मी म्हटलं, "नाही."

तिनं स्वतःच प्रशिक्षकांना फोन केला आणि खेळत नाही म्हणून सांगितलं. संघ चार गुणांनी हरला. संध्याकाळी खोलीचं दार लावून रडली. "मी असते तर जिंकलो असतो," म्हणाली. असेलही. मी काही बोललो नाही.

मग मी त्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा कसला, पंचावन्नचा गृहस्थ आहे, गावात किराणा दुकान चालवतो. फोनवर माझा आवाज ऐकून तो इतका खूश झाला, की दोन मिनिटं मला बोलूच देईना. "सर, शील्ड आहे का हो अजून कपाटावर?" मी कसंबसं जे सांगायचं ते सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी मी तुला पळवायला नको होतं, चूक माझी होती. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "सर, राग होता. भरतीतनं परत आलो त्या वर्षी लई राग होता. तुमच्यावर पण होता. आता कशाला खोटं बोलू?" पुन्हा थोडं थांबून म्हणाला, "पण सर, आयुष्यात जिंकलोय असं वाटलं ते त्याच दिवशी."

या दोन वाक्यांचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही. मी दोन्ही ठेवून घेतली आहेत.

त्याचा पाय अजून दुखतो, जिना उतरताना वळतो. मी त्याला म्हटलं, जवळच्या शहरात चांगल्या डॉक्टरांना दाखव, आणि नातीला शिकवलेला व्यायाम त्यांना विचारून सुरू कर: काउंटर धरून एका पायावर तीस सेकंद. तो हसून म्हणाला, "सर, ह्या वयात परत पीटी?" म्हटलं, "मी पंचाहत्तरीत करतोय, खिडकीचा गज धरून." हे खरं आहे. नात घड्याळ लावून माझ्यासमोर उभी असते.

असो. खूप लांबलं. नात आता मैदानावर परतली आहे, पट्टा बांधून. ब्लॉगवाल्या मित्रांमध्ये बरेच मास्तर आहेत, त्यांना एकच सांगणं: पोराला "पळशील ना?" असं विचारू नका. "चार पावलं टाकून दाखव" म्हणा आणि त्याच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघा.